उडीचा खर्च विचारलात, विम्याचं काय?

प्रश्न : वय ३३, पुण्यात आयटीत नोकरी, पगार हातात १.३५ लाख. घरखर्च ६० हजार. गृहकर्ज ४८ लाख, हप्ता ४२ हजार. पत्नी सध्या नोकरी करत नाही, मुलगी तीन वर्षांची, आई आमच्याकडेच. पट्टायाला जाऊन स्कायडायव्हिंगचा आठ उड्यांचा कोर्स करायचाय, प्रवासासकट ४ लाख. ६ लाखांची एकमेव एफडी मोडू की पर्सनल लोन घेऊ? पुढे इन्स्ट्रक्टर होऊन पैसे वसूल होतील. विम्याची काळजी नाही : १२ लाखांची एंडोमेंट (मुदत संपल्यावर पैसे देणारी विमा पॉलिसी) आहे, वर्षाला ६० हजार भरतो, पाच हप्ते झाले. २० वर्षांनी २० लाख मिळतील आणि अपघात झाला तर रायडरमुळे (पॉलिसीला जोडलेल्या जादा कव्हरमुळे) रक्कम दुप्पट होते.

उत्तर : एफडीही नको, लोनही नको. तुमचे घरखर्च आणि हप्ता मिळून महिन्याला लाख रुपये जातात. म्हणजे ती एफडी हा तुमचा सहा महिन्यांचा श्वास आहे. आणि ४ लाखांचं लोन १३ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलंत, तर ८०-८५ हजार व्याजातच जातील.

आता तुम्ही न विचारलेलं. तुमच्या पत्रातली सगळ्यात धोक्याची उडी शेवटच्या दोन ओळींत आहे. रायडरचं पॉलिसी डॉक्युमेंट काढा आणि अपवादांचं पान वाचा. पॅराशूटच्या उड्या आणि साहसी खेळ बहुतेक अपघात रायडरमध्ये वगळलेले असतात. म्हणजे उडी मारताना काही झालं तर २४ विसरा, १२ धरा. त्यातून बँकेचं पाव कर्ज फिटेल. उरलेले ३६ लाख, आई आणि मुलगी कोणाच्या भरवशावर?

एजंटने 'विमा अधिक गुंतवणूक' म्हणून जे गळ्यात मारलंय, त्यात दोन्ही नाही. वर्षाला ६० हजार भरून २० वर्षांनी २० लाख म्हणजे पाच टक्क्यांच्याही आत. तेवढेच पैसे पीपीएफमध्ये आजच्या ७.१ टक्क्यांनी २६ लाखांवर जातात.

तुम्हाला हवा दीड कोटीचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे गुंतवणूक नसलेला निव्वळ विमा : कर्जाचे ४८ लाख आणि घरच्यांसाठी एक कोटी. तब्येत ठीक असेल आणि सिगारेट नसेल तर हप्ता वर्षाला २० हजारांच्या आसपास बसावा. अर्जात धोकादायक छंदांचा प्रश्न असतो. तिथे स्कायडायव्हिंग करणार आहोत, हे स्पष्ट लिहा. थोडा जास्त हप्ता मागतील, द्या. उड्या वगळूनच पॉलिसी देत असतील तर दुसरी कंपनी बघा. लपवलंत तर विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार पहिली तीन वर्षं कंपनीला क्लेम नाकारायची वाट मोकळी असते.

टर्म हातात आल्यावरच एंडोमेंट सरेंडर करा, आधी नाही. भरलेल्या ३ लाखांपैकी साधारण निम्मे परत येतील. दुखेल, पण आणखी पंधरा हप्ते भरणं जास्त महाग आहे.

आता कोर्स. आठ उड्यांत परवाना मिळत नाही. अमेरिकी पॅराशूट संघटनेच्या 'ए' परवान्यालाच किमान २५ उड्या लागतात, कोर्सची एखादी लेव्हल जमली नाही तर ती पुन्हा करायची, पैसेही पुन्हा भरायचे. हवा बिघडली की हॉटेलात बसून राहायचं. बजेट साडेपाच लाख धरा. सरेंडरचे दीड लाख आणि महिन्याला बाजूला पडणारे ३० हजार, असं धरलं तर तेरा-चौदा महिन्यांत कर्जाशिवाय जाल. प्रवास विमा घेताना साहसी खेळांचं कव्हर वेगळं मागून घ्या. साध्या पॉलिसीत ते सहसा नसतं.

इन्स्ट्रक्टर होऊन वसुलीचं मनातून काढून टाका. एएफएफ (अशा कोर्सची शिकवण्याची पद्धत) इन्स्ट्रक्टरला सहा तासांचा फ्री फॉल, म्हणजे पॅराशूट उघडण्याआधीचा हवेतला वेळ, लागतो आणि एका उडीत मिळतो जेमतेम मिनिटभर. म्हणजे साडेतीनशेच्या वर उड्या. उडीला ३ हजार धरले तरी १० लाख झाले, रिग (पॅराशूटचा संच) वेगळी. पुण्याच्याच शीतल महाजन २०१८ मध्ये थायलंडला नऊवारीत उडी मारून आल्या, त्याचं कौतुक मलाही आहे, पण त्यामागची वर्षं मोजा. हौस म्हणून करा, हौसेला परतावा नसतो.

सरेंडरची किंमत कंपनीकडून लेखी मागवा. एजंट फोन करून 'मध्येच सोडलं तर नुकसान' म्हणेल. त्याला उरलेल्या पंधरा हप्त्यांवरचं त्याचं कमिशन किती, ते विचारा.