एसीसी फुटणार का? अफवा सोडा, कराराच्या तारखा बघा

तुमच्या मुलीला चॅपेल हिलला, म्हणजे नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीत, ॲडमिशन मिळाली, आधी अभिनंदन! तुम्ही विचारलंय की येत्या फॉलपासून तिच्या चार वर्षांत नॉर्थ कॅरोलायना एसीसी (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स; कॉन्फरन्स म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या आणि टीव्हीचे पैसे वाटून घेणाऱ्या कॉलेजांचा गट) सोडून एसईसी नाहीतर बिग टेन ह्या दुसऱ्या श्रीमंत कॉन्फरन्समध्ये जाईल का, आणि गेली तर शेजारच्या, जुनी चुरस असलेल्या ड्यूक युनिव्हर्सिटीबरोबरच्या मॅचचं काय. माझ्या मते तोपर्यंत नाही जाणार, पण तिची डिग्री हातात पडली की मग काही सांगता येत नाही.

मी न्यू जर्सीत राहतो, रटगर्स युनिव्हर्सिटी शेजारीच. 2014 ला बिग टेनने रटगर्सला घेतलं तेव्हा आम्ही सगळे डोकं खाजवत होतो की ह्यांना (अमेरिकन) फुटबॉल कुठे येतं (ती शंका अजून फिटलेली नाही). नंतर ट्यूब पेटली, त्यांना टीम नको होती, न्यूयॉर्कच्या आसपासची केबलची घरं हवी होती, कारण बिग टेनचं स्वतःचं चॅनल आहे आणि ज्या राज्यात आपली टीम तिथे घरामागे पैसे जास्त मिळतात. भूगोल वगैरे विसराच हो, स्टॅनफर्ड आणि बर्कली पॅसिफिकच्या काठावर असून आज अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये आहेत, आणि टेक्सासची एसएमयू (सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटी) तर नऊ वर्षं टीव्हीचे पैसे नको म्हणून आत आली!

त्यामुळे मी ट्विटरवरचं 'उद्या घोषणा' वगैरे वाचतच नाही, करार कधी संपतो तेवढं बघतो. पॅक-12 ह्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कॉन्फरन्सचा टीव्ही करार 2024 ला संपत होता, नवीन धड मिळेना, आणि ऑगस्ट 2023 मध्ये एका दिवसात पाच कॉलेजं निघून गेली, 1915 पासूनची कॉन्फरन्स आणि शेवटी मागे उरले ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट दोघेच.

एसीसीत असं झालं नाही कारण सगळ्यांनी आपल्या होम मॅचेसचे टीव्ही हक्क 2036 पर्यंत कॉन्फरन्सला लिहून दिलेत, म्हणजे सातबाराच दुसऱ्याच्या नावावर, घर सोडून जाणार कुठे? एसीसीतलेच फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन ह्यातून सुटायला कोर्टात गेले, मार्च 2025 ला तडजोड झाली, आणि खरी गोम त्यातच आहे. 2026 ला बाहेर पडायचं तर 165 मिलियन डॉलर, पुढे दरवर्षी 18 मिलियन कमी, 2030-31 ला 75 वर येऊन थांबतं, आणि जाताना आपले हक्कही घेऊन जाता येतात. आता हे बघा, बिग टेनचा टीव्ही करार 2030 च्या आसपास संपतो, बिग 12 ह्या आणखी एका कॉन्फरन्सचा 2031 ला. पैसे भरून आज कोण निघेल, पाच वर्षं थांबलं की निम्म्याहून कमीत काम होतंय!

तेव्हा मात्र पहिली मागणी नॉर्थ कॅरोलायनालाच येणार असं माझं मत. आरडाओरडा फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसनने केला, पण त्या दोन्ही राज्यांत एसईसीची टीम आधीच आहे, नवीन प्रेक्षक किती मिळणार? नॉर्थ कॅरोलायनात एसईसीचं कोणी नाही, बिग टेनचंही नाही. अडचण एकच, एनसी स्टेट, त्याच राज्याची दुसरी सरकारी युनिव्हर्सिटी. दोघींच्या डोक्यावर एकच राज्याचं बोर्ड, धाकटीला टाकून थोरली गेली तर राजकारण पेटणार. कॅलिफोर्नियात तेच झालं, यूसीएलए बिग टेनमध्ये गेली म्हणून तिने बर्कलीला वर्षाला 10 मिलियन द्यावेत असं दोघींच्या वरच्या बोर्डाने, रीजंट्सनी, ठरवलं.

राहिली ड्यूकची मॅच. टेक्सास आणि टेक्सास ए अँड एमची मॅच 2011 नंतर, ए अँड एम एसईसीत गेली तेव्हा, अशीच भांडणात बंद पडली ती थेट 2024 ला सुरू झाली, त्यामुळे भीती अगदीच खोटी नाही. पण तो फुटबॉल होता आणि त्यात रुसवेफुगवे फार, ड्यूक-कॅरोलायना बास्केटबॉलवर टीव्हीवाले इतके कमावतात की ते बंद पडू देतील असं वाटत नाही. मुलीला फक्त एवढं सांगा, तिथे स्टुडंट तिकिटं लॉटरीने मिळतात, पहिल्या वर्षापासून नाव टाकत राहा म्हणावं.