शर्यतीतला इलाज: सायकलपटूंच्या औषधांबद्दल वाचकांचे प्रश्न

ईपीओ (रक्तातल्या लाल पेशी वाढवणारं औषध) टोचून घेणाऱ्या किंवा रक्ताच्या पिशव्या चढवणाऱ्या सायकलपटूंबद्दल दुमत नसतं, ती फसवणूकच. वाद पेटतो तो डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, नियमात बसवून घेतलेल्या औषधांवरून. या वेळची बहुतेक पत्रं त्याबद्दलच आहेत.

ब्रॅडली विगिन्सने रीतसर परवानगी घेऊन इंजेक्शन घेतलं होतं. मग त्याच्या २०१२च्या टूर द फ्रान्स विजयाकडे आजही संशयाने का पाहतात? (नाशिक)

परवानगी होती, हे खरं आहे. बंदी असलेलं औषध उपचारासाठी लागणार असेल तर खेळाडू सवलत मागू शकतो. तिला टीयूई म्हणतात. त्यासाठी आजाराचं निदान पक्कं असावं लागतं, बंदी नसलेला दुसरा योग्य इलाज उपलब्ध नसावा लागतो आणि औषधाने खेळाडू फार तर त्याच्या नेहमीच्या तब्येतीवर यावा, त्यापुढे जाऊ नये, अशी अट असते. विगिन्सला परागकणांची ॲलर्जी आणि दमा होता. त्याला ट्रायअ‍ॅम्सिनोलोन या स्टेरॉइडच्या ४० मिलिग्रॅमच्या इंजेक्शनसाठी तीनदा सवलत मिळाली: २०११च्या टूरआधी, २०१२च्या टूरआधी आणि इटलीत होणाऱ्या २०१३च्या जिरो द'इटालियाआधी. सप्टेंबर २०१६मध्ये हॅकर्सनी वाडा या जागतिक डोपिंगविरोधी संस्थेची कागदपत्रं फोडली, तेव्हा जगाला हे कळलं.

आता तारखा बघा. २०१२चं इंजेक्शन टूर सुरू व्हायच्या चार दिवस आधी दिलं गेलं. २०११चंही टूरच्या तोंडावरच. ॲलर्जीचा हंगाम असतो हे मान्य, पण तीन वर्षांतली तीनही इंजेक्शनं त्याच्या त्या-त्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या शर्यतीच्या आधीच पडावीत, ही गोष्ट डॉक्टर म्हणून मला खटकते.

औषधही साधं नाही. स्नायूत दिलेलं ट्रायअ‍ॅम्सिनोलोन शरीरात कित्येक आठवडे रेंगाळतं. ते दाह कमी करतं, थकव्याची जाणीव बोथट करतं, आणि ते घेणाऱ्या सायकलपटूंचा अनुभव असा की ताकद फारशी न घटता वजन उतरतं. घाटात सगळा खेळ किलोमागे किती वॅट निघतात याचा. ईपीओमुळे बंदी भोगलेल्या डेव्हिड मिलरने हे औषध पूर्वी स्वतः वापरलं होतं, आणि त्याचा परिणाम किती जबर असतो हे त्याने पुढे उघडपणे सांगितलं. लान्स आर्मस्ट्राँगच्या नमुन्यातही १९९९च्या टूरमध्ये हेच औषध सापडलं होतं. तेव्हा बुडाच्या फोडांवरच्या मलमाची, मागची तारीख घातलेली चिठ्ठी पुढे करून ते प्रकरण मिटवलं गेलं.

मार्च २०१८मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने विगिन्सच्या टीम स्काय या संघाने नैतिक रेषा ओलांडल्याचा निष्कर्ष काढला: औषध केवळ आजारासाठी नव्हे, तर वजन आणि ताकद यांचं गणित सुधारण्यासाठी वापरलं गेलं. विगिन्स आणि संघ दोघांनीही हे ठामपणे नाकारलं. नियमभंग सिद्ध झालेला नाही, त्यामुळे त्याचा विजय काढून घ्यावा असं मी म्हणणार नाही. पण ज्याला इतक्या जोरकस स्टेरॉइडची गरज पडते, तो त्या आठवड्यात तीन आठवड्यांची शर्यत सुरू करण्याइतका निरोगी नसतो, हे माझं मत पक्कं आहे.

टूरमधल्या इतक्या जणांना दमा कसा? माझ्या भाच्याला दमा आहे, त्याला जिना चढताना धाप लागते. आणि ख्रिस फ्रूमला सोडून बाकीच्यांना शिक्षा, हा कुठला न्याय? (ठाणे)

पंप दिसला की लबाडी, असं समजू नका. कठीण चढावर अव्वल सायकलपटू मिनिटाला दीडशे लिटरहून जास्त हवा ओढतो. एवढी हवा नाकातून गरम आणि ओलसर होऊन जाऊच शकत नाही. ती तोंडावाटे थेट आत शिरते: कोरडी, कधी बर्फासारखी गार, सोबत परागकण आणि गाड्यांचा धूर. वर्षानुवर्षं असं चाललं की श्वासनलिका हळव्या होतात आणि जोर लावला की आवळतात. लहानपणी कधीही दमा नसलेल्या खेळाडूंनाही हा त्रास जडतो. तो या पेशाचाच आजार आहे. तुमच्या भाच्याला जिन्यावर धाप लागत असेल तर त्याचा दमा आटोक्यात नाही. छातीच्या डॉक्टरांकडे न्या. नीट इलाज झाला तर तोही सायकल चालवेल.

साल्ब्युटामॉल या दम्याच्या औषधाच्या पंपाला टीयूई लागत नाही, पण मर्यादा आहे. आजचा नियम २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम, आणि कुठल्याही आठ तासांत ६००पेक्षा जास्त नाही. आपल्याकडच्या नेहमीच्या पंपातून एका झटक्यात १०० मायक्रोग्रॅम मिळतात, म्हणजे आठ तासांत सहा झटके. पंपातून घेतलेल्या नेहमीच्या मात्रेने निरोगी माणसाचा दमसास वाढत नाही. गोळीतून किंवा फार मोठ्या मात्रेने घेतलं की स्नायूंवर परिणाम होऊ शकतो, म्हणून गोळी आणि सिरप बंद, पंप मर्यादेत चालू. हा नियम मला योग्य वाटतो.

टीम स्कायच्याच फ्रूमचं प्रकरण मात्र मला आजही बोचतं. ७ सप्टेंबर २०१७ला स्पेनच्या व्हुएल्टा शर्यतीमध्ये त्याच्या लघवीत मिलिलिटरमागे २००० नॅनोग्रॅम साल्ब्युटामॉल निघालं, मर्यादा १०००ची. लघवी किती घट्ट होती याचा हिशेब धरून आकडा सुधारला, तरी तो १४२९ राहिला. घेतलेली मात्रा तीच असली तरी लघवीतलं प्रमाण दिवसागणिक खूप बदलू शकतं, असा बचाव त्याच्या बाजूने तज्ज्ञांचे अहवाल जोडून मांडला गेला. २ जुलै २०१८ला, टूर सुरू व्हायच्या पाच दिवस आधी, युसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने प्रकरण बंद केलं.

शास्त्राच्या बाजूने हा निकाल मला पटतो. लघवीवरून मात्रेचा अंदाज बांधणं खरोखरच कच्चं काम आहे. पण मग इटलीचा सायकलपटू आलेस्सांद्रो पेटाकी, त्याचं काय? २००७च्या जिरोत त्याचा आकडा १३२० होता. त्याने मुद्दाम फसवलं नाही हे क्रीडा लवादाने मान्य केलं, तरीही त्याला वर्षभराची बंदी दिली आणि त्या जिरोतले विजय गेले. दिएगो उलिस्सी या दुसऱ्या इटालियन सायकलपटूला २०१४च्या जिरोतल्या १९००च्या आकड्यासाठी नऊ महिने बाहेर बसवलं. लघवीच्या घट्टपणाचा हिशेब नियमात २०१८मध्ये आला, म्हणजे पेटाकीला ती सोय मिळाली नाही. मोठा संघ, महागडे वकील आणि तज्ज्ञांची फौज ज्याच्यामागे आहे त्यालाच आकड्याशी लढता येतं. ही विषमता मला औषधाच्या मात्रेपेक्षा जास्त अन्यायाची वाटते. नियमात दुरुस्ती झाली की जुनी प्रकरणंही पुन्हा उघडायला हवीत.

इन्सुलिनवर बंदी आहे असं वाचलं. मग टाइप वन मधुमेह असलेल्या मुलाने स्पर्धात्मक सायकलिंगचं स्वप्न सोडायचं का? (बेळगाव)

अजिबात नाही. इन्सुलिन बंदीच्या यादीत आहे, शर्यतीत आणि शर्यतीबाहेरही, पण टाइप वन मधुमेहासाठी टीयूई मिळते. शरीरात इन्सुलिन तयारच होत नसेल तर इंजेक्शन हा जगण्याचा प्रश्न आहे, त्याला पर्यायी औषध नाही. टीम नोवो नॉर्डिस्क हा व्यावसायिक संघ पूर्णपणे मधुमेही सायकलपटूंचा आहे आणि मिलान–सान रेमोसारख्या जवळपास ३०० किलोमीटरच्या शर्यतीत तो उतरलेला आहे. त्यांना फायदा मिळतो असं म्हणणाऱ्याने पाच तास पेडल मारताना रक्तातली साखर सांभाळून दाखवावी.

विगिन्सच्या आणि या प्रकरणातला फरक माझ्यासाठी इथे आहे: मधुमेही खेळाडू हे औषध रोज घेतो, शर्यत असो वा नसो.

वेदनाशामक गोळीने ताकद वाढत नाही, दुखणं फक्त कमी होतं. मग ट्रॅमाडॉलवर बंदी कशाला? आणि कोलंबियाच्या नैरो किंतानाचं टूरमधलं स्थान का गेलं? (पुणे)

लांब शर्यतीच्या शेवटच्या तासात पाय आधी थकतात की मन, हे सांगणं अवघड असतं. दुखणं दबलं की माणूस आणखी जोर लावतो, म्हणजे कामगिरी वाढतेच. वाडाने पैसा पुरवलेल्या अभ्यासांतही हे दिसलं. पण मला त्याहून मोठं कारण सुरक्षिततेचं वाटतं. ट्रॅमाडॉल हे अफूच्या जातीचं औषध आहे. त्याने गुंगी येते, चक्कर येते, लक्ष विचलित होतं, आणि त्याची सवय लागते. शे-दीडशे सायकली खांद्याला खांदा लावून ताशी ६० किलोमीटरने धावत असताना एकाची तंद्री लागली तर त्याच्यासोबत वीस जण रस्त्यावर पडतात. इतरांच्या हाडांशी खेळण्याचा हक्क कुणालाच नाही.

युसीआयने १ मार्च २०१९पासून शर्यतीत ट्रॅमाडॉल बंद केलं. वाडाला तेच करायला १ जानेवारी २०२४ उजाडावा लागला. किंतानाचं प्रकरण या मधल्या काळातलं आहे. २०२२च्या टूरमध्ये बोटातून घेतलेल्या त्याच्या रक्ताच्या दोन नमुन्यांत ट्रॅमाडॉल सापडलं आणि त्याचं सहावं स्थान रद्द झालं. तेव्हा तो युसीआयच्या वैद्यकीय नियमाचा भंग होता, डोपिंगचा गुन्हा नव्हता, म्हणून खेळण्यावर बंदी आली नाही. औषध घेतल्याचं त्याने नाकारलं; नोव्हेंबर २०२२मध्ये क्रीडा लवादाने युसीआयचा निर्णय कायम ठेवला.

आता कोडीन आणि टॅपेंटाडॉलवर वाडाची नजर आहे. एक गोळी बंद झाली की हात दुसरीकडे वळतो, हे उघड आहे.

मग सोपा नियम का नाही? औषध लागतं, तर शर्यतीत उतरू नका. (पणजी)

या विचाराच्या मी बरीच जवळ आहे, पण तो सरसकट लावला तर वरच्या मधुमेही मुलाचं दार बंद होतं. दम्याचंही तसंच.

तात्पुरत्या दुखण्यांसाठी मात्र हा नियम मला हवा आहे. एमपीसीसी नावाची संघांची स्वेच्छेची संघटना २००७मध्ये फ्रान्समध्ये सुरू झाली. तिचे सदस्य शर्यतीआधी रक्तातलं कॉर्टिसोल (शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड) तपासून घेतात. ते घसरलेलं असेल तर, कारण स्टेरॉइड असो वा आजार, खेळाडूने किमान आठ दिवस विश्रांती घ्यायची. यात शिक्षा नाही, आरोप नाही. तब्येतीची काळजी आहे. अडचण एवढीच की ते ऐच्छिक आहे. २०१५च्या टूरआधी अस्ताना संघाच्या लार्स बूमचं कॉर्टिसोल कमी निघालं, तरी तो उतरला, आणि पुढे संघच संघटनेबाहेर पडला. टीम स्काय तर कधी सदस्य नव्हताच. हा नियम युसीआयने सर्वांवर बंधनकारक करावा.

२००१च्या टूरमध्ये जोनाथन वॉटर्सला डोळ्याजवळ गांधीलमाशी चावली. डोळा पूर्ण मिटला. कॉर्टिसोनच्या इंजेक्शनने सूज उतरली असती, पण नियमात ते बसत नव्हतं, आणि तो शर्यत सोडून गेला. वॉटर्सने पुढे स्वतःच्या जुन्या डोपिंगची कबुली दिली, म्हणून त्याला आदर्श म्हणत नाही. पण त्या दिवशीचा निर्णय मला कठोर असूनही बरोबर वाटतो. गांधीलमाशी चावणं हा नशिबाचा भाग आहे, पंक्चरसारखा.

माझी मुलगी १६ वर्षांची आहे, राज्य पातळीवर शर्यती करते. सर्दी-खोकल्याला काय द्यावं? (सांगली)

आपल्याकडे फसवणुकीपेक्षा नकळत अडकण्याची भीती मोठी आहे, म्हणून नीट वाचा. दुकानात सहज मिळणाऱ्या खोकल्याच्या कित्येक औषधांत टर्ब्युटालिन किंवा साल्ब्युटामॉल असतं. सिरपमधून ही दोन्ही वर्षभर बंद आहेत. सर्दीच्या गोळीत सुडोएफेड्रिन असेल तर ती शर्यतीच्या तोंडावर नको; पॅरासिटामॉल आणि सेट्रिझिन चालतं. दवाखान्यात नेब्युलायझर लावला तर त्यातली मात्रा पंपाच्या मर्यादेपलीकडे जाते, ते कागद जपून ठेवा आणि टीयूईसाठी नाडा या राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेकडे लगेच अर्ज करा.

गावाकडे ताप-अंगदुखीला 'एक इंजेक्शन' देऊन मोकळं होतात, त्यात अनेकदा डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड असतं. शर्यतीच्या काळात ते बंद आहे. सुई टोचण्याआधी नाव विचारा आणि लिहून घ्या. डॉक्टर चिडले तरी चालेल. क्लबमधल्या कुणी दिलेली 'ताकदीची' पुडी तर तिच्या हाती पडूच देऊ नका.

वय ५२, रक्तदाबाची गोळी रोज घेतो, हौशी शर्यतींत भाग घेतो. मीही डोपिंग करतोय का? (छत्रपती संभाजीनगर)

गोळीवर अवलंबून आहे. टेल्मिसार्टन, अ‍ॅम्लोडिपिन चालतं. मेटोप्रोलॉलसारखे बीटा ब्लॉकर नेमबाजीत बंद आहेत, सायकलिंगमध्ये नाहीत. पण गोळीच्या नावाच्या शेवटी 'एच' असेल तर त्यात बहुधा लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड असतं, आणि ते बंदीच्या यादीत आहे, कारण त्याने इतर औषधांच्या खुणा पुसट होतात. स्वतःहून गोळी बंद करू नका. डॉक्टरांना विचारून बदलता येत असेल तर बदला, नाहीतर टीयूईचा अर्ज करा. हौशी खेळाडूला चाचणी झाल्यानंतरही अर्ज करण्याची मुभा मिळू शकते, त्यासाठी निदानाचे जुने कागद आणि चिठ्ठ्या एका फाइलमध्ये लावून ठेवा.