गेममधल्या चंपाची थीम कुणाच्याच लक्षात का राहत नाही?

प्रश्न: दादा नमस्कार. मी मुलुंडला राहतो, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही चौघं मित्र मिळून एक रोल-प्लेइंग गेम (आरपीजी) बनवतोय, गोष्ट एका काल्पनिक कोकण किनाऱ्यावरची आहे आणि मेन कॅरेक्टर म्हणजे चंपा, एका तांडेलाची मुलगी. बाप समुद्रात गेला तो परत आलाच नाही, आता होडी तीच चालवते, कमी बोलते, कुणापुढे रडत नाही. तिची ऑर्केस्ट्रल थीम करायचं काम माझ्याकडे आलंय. तीन मिनिटांचा पीस केला, ब्रास (पितळी फुंकवाद्यं), कोरस, मोठे ड्रम सगळं घातलं, पण कोडिंग करणारा मित्र म्हणतो हे ट्रेलरसारखं वाटतं आणि धून काय होती ते आठवतच नाही. मला पेटी येते, क्लास केलाय. राग वापरू का? कॉर्ड कुठले लावू? खऱ्या ऑर्केस्ट्राचे पैसे नाहीत, सगळं लॅपटॉपवर आहे. फाइल सोबत पाठवतोय.

उत्तर: फाइल ऐकली. मित्र बरोबर बोलतोय, त्याच्यावर चिडू नकोस. मेहनत दिसते, आवाज पण मोठा झालाय, पण चंपा त्यात कुठेच नाही. हॉर्न वाजतात तेव्हा वाटतं आता धून येणार, तर तेवढ्यात कोरस येतो, मग वाटतं आता तरी, तर ड्रम येतात आणि पीस संपतो.

आधी लॅपटॉप बंद कर आणि पेटी काढ. दुःखी आहे म्हणून मायनर (उदास वाटणारं स्केल), शूर आहे म्हणून ब्रास, असा हिशोब केला की सगळ्या कॅरेक्टरची थीम सारखीच होते, कारण आरपीजीमध्ये दुःखी आणि शूर कोण नसतं सांग? तुझ्या पत्रातली कामाची ओळ वेगळीच आहे, ती कुणापुढे रडत नाही ही. म्हणजे मनात आहे ते ती पूर्ण करत नाही, मग तिची धून पण पूर्ण होता कामा नये.

पांढरी दोनचा, म्हणजे पाश्चात्त्य डी चा, सा धर. सा, तिथून थेट प वर उडी, मग म, कोमल ग, आणि रे वर थांब. बास, पाच सूर. सा वरून निघाली आणि रे पर्यंतच परत आली, दारात उभी राहिली पण आत नाही आली. दुसऱ्या ओळीत हीच उडी कोमल ध पर्यंत ने आणि उतरताना खालच्या नी वर थांब, म्हणजे सा च्या अगदी अलीकडे. आणि मग नियम असा करून टाक की पूर्ण गेमभर ही धून सा वर संपणार नाही, दुकानात नाही, लढाईत नाही, कुठेच नाही. फक्त बापाचं काय झालं ते तिला कळतं त्या सीनला रे वरून सा. प्लेअरला नियम माहीत नसणार पण तीसेक तास त्याच्या कानाने ते रे वरचं थांबणं ऐकलेलं असेल, मग तो एक सूर जे काम करेल ते तुझ्या कोरसच्या बापाला जमणार नाही. त्या शेवटच्या सा खाली डी मेजर ठेवून बघ, म्हणजे शुद्ध गंधार. तो या धुनेत कधी आलेलाच नसतो म्हणून एकदम उजाडल्यासारखं वाटतं, पाश्चात्त्य संगीतात ही युक्ती कित्येक शतकं चालत आलीये.

हे पाच सूर मी उगाच नाही निवडले, हे तुकडे करायला बरे आहेत. आरपीजीमध्ये थीम एकदा वाजवून संपत नाही, ती कधी हळू, कधी दुप्पट लयीत, कधी फक्त पहिली उडीच अशी पुन्हा पुन्हा येते. नुसतं सा-प ऐकलं तरी चंपा आठवली पाहिजे. १९९४ सालचा फायनल फँटसी सिक्स हा गेम घे, नोबुओ उएमात्सुंचं म्युझिक. तो ज्यावर चालायचा त्या सुपर फॅमिकॉम या गेम कन्सोलच्या साउंड चिपला एका वेळी आठच आवाज आणि ६४ केबी मेमरी, तरी त्यात प्रत्येक मेन कॅरेक्टरला स्वतःची थीम आहे आणि शेवटी त्या सगळ्या एकात एक गुंफून येतात. आठ आवाजांत माणूस ओळखू येतो म्हणजे काम धुनेनेच केलंय ना? तुझ्याकडे शंभर ट्रॅक आहेत हाच तुझा प्रॉब्लेम आहे.

आता राग. वर जे सूर दिले ते कीरवाणीत बसतात, आणि कीरवाणी म्हणजे स्वरांपुरता बघितला तर पाश्चात्त्यांचं हार्मोनिक मायनर स्केलच. त्यामुळे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे सूर, आयते मिळतात: सा-ग-प, म-ध-सा, प-नि-रे. डी मायनर, जी मायनर, ए मेजर. धून रे वर थांबते तिथे खाली प-नि-रे ठेव, रे त्यात छान बसतो पण घर लांबच राहतं. सगळे राग असे सोयीचे नसतात हं. मारव्यात पंचमच नाही, तिथे सा चं साधं कॉर्ड लावायला गेलास की पंचम घुसतो आणि मारवा गेला, त्यापेक्षा बेसला एकच सूर धरून ठेवावा आणि धून वर मोकळी सोडावी. पण फार सोवळं पाळू नकोस, गेम आहे, मैफल नाही.

तसा हा प्रश्न मुंबईत जुनाच आहे. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगना गोव्याहून आलेले वादक आणि अरेंजर हेच काम करायचे, गायकाच्या सुरावटीखाली व्हायोलिन-सेलोची बाजू लिहायची. सेबॅस्टियन डिसूझांचं नाव त्यात फार मानाने घेतात. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस यांनी तर १९५८ मध्ये इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, रागांवरच्या रचना ऑर्केस्ट्राने वाजवाव्यात म्हणून. ते जुने रेकॉर्ड ऐकताना गाणं सोडून दे आणि फक्त मागची व्हायोलिनं ऐक, गायक श्वास घेतो तिथेच ती पुढे येतात, बाकी वेळ गप्प. तुझ्या पीसमध्ये कुणीच गप्प बसत नाही.

म्हणून धून एकालाच दे. पांढरी दोनच्या मधल्या सप्तकातला सा ते प हा भाग सेलोच्या सगळ्यात वरच्या तारेवर येतो, तिथे सेलो थोडा ताणून गातो, रडू दाबल्यासारखा, चंपाला तोच हवा. इंग्लिश हॉर्नला पण हा पट्टा झकास (नावात हॉर्न आहे पण तो ओबोचा मोठा भाऊ, ब्रास नाही). बासरीला मात्र देऊ नकोस, हे सूर तिच्या तळाला येतात, तिथे तिचा आवाज बारीक असतो आणि खऱ्या ऑर्केस्ट्रात मागे व्हायोलिनं सुरू झाली की ती गेलीच. लॅपटॉपवर ऐकू येते कारण तू फेडर (आवाजाची पट्टी) वर ढकलतोस, आणि सॅम्पलची (आधी रेकॉर्ड केलेल्या सुट्या सुरांची) ऑर्केस्ट्रा खोटी वाटते ती बरीचशी अशाने. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा सीझन असतो तेव्हा एकदा जाऊन बस, तीन ट्रॉम्बोन पूर्ण जोरात वाजले की बाकीच्यांचं काय होतं ते प्रत्यक्ष ऐक.

दुसरं, खाली गर्दी करू नकोस. पियानोच्या मधल्या सी पासून एक सप्तक खाली गेलास की तिथून पुढे नुसते सा आणि प ठेव, गंधार वर सरकव. तू डबल बेस, सेलो आणि ट्रॉम्बोन तिघांना खाली अख्खे कॉर्ड दिलेस, त्याचा चिखल झालाय, तो ईक्यूने (बेस-ट्रेबल कमीजास्त करून) निघणार नाही, लिहितानाच काढावा लागेल.

लॅपटॉपसाठी फुकटातलं बरंच आहे, म्यूझस्कोर ४ हे नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर आणि त्याचे म्यूझ साउंड्स, नाहीतर स्पिटफायर कंपनीची सॅम्पल लायब्ररी बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हर, सुरुवातीला एवढं पुरे. ही स्पिटफायरची घेतलीस तर लांब सुरांवर व्हेलॉसिटी (पट्टी किती जोरात दाबली ते) बदलून फार फरक पडत नाही, तिथे मॉड्युलेशन व्हील, म्हणजे कीबोर्डवरचं चाक (सॉफ्टवेअरमध्ये सीसी १), हाताने फिरवून रेकॉर्ड कर. तू पेटीवाला आहेस, भाता कसा धरायचा-सोडायचा हे हाताला माहितीये, तेच इथे करायचंय. हॉर्नला श्वास घ्यायला जागा ठेव, आठ-आठ बार सलग कोण फुंकेल? आणि जमलं तर एक, एकच, खरा सेलोवाला बोलव, कुणाच्या तरी बेडरूममध्ये गाद्या लावून रेकॉर्ड कर, मागे सगळी सॅम्पल असली तरी कान त्या एका खऱ्या आवाजावर विश्वास ठेवतो.

लांबीचं म्हणशील तर तीन मिनिटं फार झाली. ८० च्या टेम्पोला चार-चारचे १६ बार म्हणजे ४८ सेकंद, तेवढ्यात मेन थीम होते. धून प-नि-रे वर सुटते त्यामुळे लूप परत सा ला लागताना सांधा कळत नाही, हा त्या अपूर्णतेचा फुकटचा फायदा. फक्त लूप एमपी३ मध्ये देऊ नकोस, त्या फॉरमॅटमध्ये फाइलच्या सुरुवातीला बारीकशी शांतता चिकटते आणि दर फेरीला उचकी लागते, ऑग किंवा वेव्ह दे. रिव्हर्बची (खोलीच्या घुमण्याची) शेपटी तुटत असेल तर पीस दोनदा सलग वाजवून दुसरी फेरी कापून घे, म्हणजे पहिल्याची शेपटी दुसऱ्याच्या सुरुवातीत आपोआप येते.

प्रश्न: ऑर्केस्ट्रल थीममध्ये तबला घातला तर चालतो का? मैत्रीण म्हणते टिपिकल होतं. — एक वाचक, दादर

उत्तर: चालतो की. टिपिकल होतं ते नुसतं ‘हे भारतीय आहे बरं का’ सांगायला घातला की. अडचण वेगळी आहे, तबला सा ला लावलेला असतो, मध्येच स्केल बदललंस की तो जुन्याच सुरात बोलत राहतो आणि टोचतो. एकतर स्केल बदलू नका नाहीतर तेवढ्या भागात तबला थांबवा. आणि डग्ग्याची घीस (तळहात घासून काढलेला घुमारा) घेणार असाल तर त्या वेळी सेलोला खाली काही देऊ नका, दोघं एकाच जागेसाठी भांडतात.

प्रश्न: हेडफोनवर मस्त वाटतं, मोबाईलच्या स्पीकरवर अर्धा ऑर्केस्ट्रा गायब. मिक्स चुकलंय का? — एक वाचक, भांडुप

उत्तर: मिक्स असेलही बरं, पण डबल बेसचा सगळ्यात खालचा सूर ४१ हर्ट्झच्या आसपास असतो, तो एवढ्याशा स्पीकरमधून येणार कुठून? व्हॉल्यूम वाढवून उपयोग नाही. बेसची ओळ एक सप्तक वर बॅसून या लाकडी फुंकवाद्याला हळू आवाजात दे, म्हणजे मोबाईलवर बेस नाही तरी त्याची चाल ऐकू येते. तुझा गेम मोबाईलवरच येणार असेल तर पहिल्या दिवसापासून मोबाईलवरच ऐकत जा, हेडफोन रात्री घरचे झोपल्यावर.