वाचकांचे प्रश्न : प्रौढपणी तोराचा (ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाचा) अभ्यास

प्रश्न : बालपणी काहीच न शिकलेल्या प्रौढांना ज्यू धर्मग्रंथ शिकायचे असतील, तर हिब्रू आधी यायलाच हवी का?

उत्तर : तशी अट असू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे ज्यू तत्त्वज्ञ फ्रान्झ रोझेनझ्वाइग यांनी १९२० साली प्रौढांसाठी मुक्त ज्यू विद्यालय सुरू केले, तेव्हा ज्यांना जर्मन कवी गटे तोंडपाठ होता पण तोरा परका झाला होता, असे सुशिक्षित ज्यूच त्यांच्या डोळ्यांसमोर होते. आपल्या अज्ञानासह आणि व्यवसायातल्या अनुभवासह माणसाने ग्रंथाकडे यावे, आणि शिकवणाऱ्यानेही विद्यार्थीच राहावे, हा त्यांचा आग्रह होता. एडुआर्ड स्ट्राउस हे रसायनशास्त्रज्ञ. धर्मगुरूचे शिक्षण नसतानाही ते तेथे हिब्रू बायबलचा, म्हणजे ज्यू धर्मग्रंथाचा, वर्ग घेत, आणि आम्हाला ही गोष्ट फार मोलाची वाटते. हिब्रूचे वर्गही होतेच. भाषा वाचनाबरोबर येत जावी. पुढे बंद पडलेले हे विद्यालय ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांनी १९३३ साली, नाझी राजवटीत ज्यूंना विद्यापीठांतून हुसकावले जात असताना, पुन्हा उघडले आणि ते १९३८पर्यंत चालले.