आसामची ढेकिया भाजी जळगावच्या उन्हात होईल का?

गुवाहाटीला खाल्लेली ढेकियाची भाजी जळगावला अंगणात लावायची आहे, बी कुठे मिळेल, असं तुम्ही विचारलंय. बी मिळणारच नाही भाऊ. ढेकिया हे नेचे, म्हणजे फर्न. त्याला फूलच येत नाही, तर बी कुठून येणार? शास्त्रीय नाव डिप्लॅझियम एस्क्युलेंटम. फिलिपाइन्समध्ये यालाच पाको म्हणतात.

जून पान उलटून बघा. शिरांच्या कडेने तपकिरी रेघा दिसतील, त्यात बीजाणू असतात. बीजाणू ओल्या जागी पडला की आधी नखाहून लहान, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा हिरवा पापुद्रा तयार होतो. त्यावर पाण्याचा थर असला तरच नरपेशी पोहत अंडपेशीपर्यंत जाते आणि तिथून खरं झाड सुरू होतं. म्हणून तर हे ओढ्याकाठी, दमट सावलीत माजतं. आपल्याकडे हा खटाटोप करूच नका. जुन्या गड्ड्याच्या मुळांवरून केळीच्या मुनव्यांसारखी नवी रोपं फुटतात, तसलं एखादं मुळासकट मिळवा.

आता ऊन. नुसते ४५ अंश नाही, एप्रिल-मेमधली कोरडी हवा याचा जीव घेते. मुळाशी कितीही पाणी द्या, गरम झळा लागल्या की पानांच्या कडा करपतात. अंगणात शेडनेट लावूनही जेमतेम तग धरेल. यावल-रावेरकडे कुणाची केळीची बाग असेल तर तिथे आतल्या ओळीत, ठिबकच्या नळीजवळ लावा. दाट बागेत हवा थंड आणि ओलसर राहते. फक्त त्या ओळीत तणनाशक मारलेलं नको. नुसती काळी माती चिकट होते, पाणी धरून बसते. शेणखत आणि कुजलेला पाला भरपूर मिसळा.

खायचे ते वळलेले कोवळे कोंब. वाकवला की कटकन मोडला पाहिजे. लवला तर राहू द्या. खवले चोळून काढा, उकळून पाणी फेका, मग लसणाच्या फोडणीत परता. थोडी बुळबुळीत लागते, भेंडी आवडत नसेल तर हीही आवडणार नाही. कच्ची खाऊ नका.

आणि तोरणमाळला फिरायला गेलात म्हणून तिथलं कुठलंही नेचं खुडून आणू नका. ब्रॅकन नावाच्या नेच्याचे कोंबही असेच वळलेले असतात आणि त्यात कॅन्सर करणारं द्रव्य असतं.

गड्डा मृगाचा पाऊस पडल्यावरच लावा. मार्चमध्ये लावलात तर मेपर्यंत वाळला म्हणून समजा.