वाचकांचे प्रश्न : प्रोस्टेटची रोबो शस्त्रक्रिया, छेद कुठे आणि का?

प्रश्न : बाबा 67 वर्षांचे आहेत. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी रोबोच्या मदतीनं ऑपरेशन ठरलंय. गाठ ओटीपोटात खोल, मग सहा छेद बेंबीच्या रेषेत कशाला? लहानपणी अपेंडिक्स काढलंय, नंतर उजव्या हर्नियाला जाळीही बसवलीय. त्याची अडचण होईल का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : प्रोस्टेटच्या अगदी जवळून आत शिरलं तर दुर्बिणीला मूत्राशय नीट दिसत नाही आणि हत्यारांना वळायला जागा उरत नाही. फार वरून शिरलं तर हत्यारं मूत्रमार्गापर्यंत, म्हणजे लघवी बाहेर नेणाऱ्या नळीपर्यंत, पोचत नाहीत, आणि तिथेच सर्वांत नाजूक टाके घालायचे असतात. म्हणून दा विंची एक्सआय या शस्त्रक्रियेच्या रोबोसाठी दुर्बिणीचा छेद लक्ष्यापासून 10 ते 20 सें.मी. अंतरावर ठेवतात. बेंबी ही फक्त अंदाजाची खूण. ढेरी मोठी असली की ती सरकते, म्हणून खरं माप ओटीपोटाच्या खालच्या हाडापासून घ्यावं.

हे माप पोटात कार्बन डायऑक्साइड भरल्यानंतरच घेतात. पोट फुगलं की कातडी ताणते आणि आधी काढलेल्या खुणा एकमेकींपासून लांब जातात. रोबोच्या चार हातांचे छेद (दुर्बिणीचा त्यातच आला) 8 मि.मी.चे, जवळजवळ एका ओळीत, दोन छेदांमध्ये साधारण 8 सें.मी. म्हणजे टोकापासून टोकापर्यंत 24 सें.मी. रुंदी हवी. अंगानं बारीक माणसाच्या पोटावर ती मिळत नाही. तेव्हा अंतर थोडं कमी करतात किंवा छेद खालीवर घेतात. 6 सें.मी.च्या आत मात्र जाऊ नये, कारण बाहेर रोबोचे हात एकमेकांवर आपटतात आणि आतलं काम अडतं. उरलेले दोन छेद मदतनीस सर्जनचे : 12 मि.मी.चा सुई, क्लिपा आत द्यायला, 5 मि.मी.चा रक्त ओढून घ्यायला.

पहिला छेद दुर्बिणीचा, बाकीचे तिच्या नजरेखाली. पोटाच्या उभ्या स्नायूमागून एक धमनी वर जाते. तिला छेद लागला तरी आत गॅसचा दाब असेपर्यंत रक्तस्राव दबून राहू शकतो. म्हणून शेवटी दाब उतरवून प्रत्येक छेद पाहायलाच हवा. ही पायरी घाईत वगळू नये असं आमचं ठाम मत आहे.

आता बाबांचं. अपेंडिक्सच्या व्रणाखाली आतडं किंवा चरबीचा पडदा चिकटलेला असू शकतो. त्यामुळे पहिला प्रवेश तिथून दूर करतात, चिकटलेलं सोडवतात आणि मगच उजव्या कडेचा छेद घेतात. हर्नियाच्या जाळीबाबत एकच गोष्ट महत्त्वाची : ती बाहेरून, जांघेत चिरा देऊन बसवली की दुर्बिणीनं आतून? बाहेरून बसवलेली सहसा आड येत नाही. आतून बसवलेली ओटीपोटाच्या हाडामागे चिकटते, आणि मूत्राशय नेमकं तिथूनच सोडवून खाली पाडायचं असतं. तेव्हा हर्नियाच्या ऑपरेशनचा डिस्चार्ज कार्ड शोधा आणि सर्जनना आधीच दाखवा. त्यावरून सगळा बेत बदलू शकतो.

प्रश्न : माझ्या यजमानांचे पाच छेद लहान आहेत, पण बेंबीजवळचा बराच मोठा दिसतो. काही चुकलं का? मे महिन्यात घाम फार, काळजी वाटते.
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : चुकलेलं नाही, ताई. प्रोस्टेट पिशवीत घालून त्याच छेदातून बाहेर काढतात, म्हणून तो वाढवावा लागतो. प्रोस्टेट मोठं असलं तर जास्तच. तिथे आतल्या मजबूत पडद्यालाही टाके असतात. ते उसवले तर हर्निया होतो. म्हणून पहिले सहा आठवडे कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतायचं काम यजमानांना देऊ नका, पाइप लावा. सैल सुती पायजमा, नाडी बेंबीच्या खाली बांधा. अंघोळीनंतर बेंबी टिपून कोरडी करा, पावडर भरू नका. खोकताना तिथे फुगवटा दिसला, पू आला, ताप चढला, किंवा पोट फुगून उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.