वाचकांचे प्रश्न : सोलापूरचा उन्हाळा, लेझर आणि तापमान सांगणारा काचतंतू

या वेळी सोलापूरहून आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे लेझर, फायबर आणि तापमान यांच्या संबंधाविषयी आहेत. पहिल्या पत्रातील अडचण शहरातील अनेक छोट्या कारखानदारांची असणार, म्हणून तिचे उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचा गणवेश शिवण्याचा कारखाना आहे. कापड कापण्यासाठी ८० वॅटचे कार्बन डायऑक्साइड लेझर यंत्र घेतले आहे. सकाळी ते उत्तम चालते. पण एप्रिल लागल्यापासून दुपारी कापड अर्धवट कापले जाते. ट्यूबचे पाणी थंड ठेवण्यासाठी पंख्याचा चिलर आहे. सध्या आम्ही टाकीत बर्फ टाकतो. हे योग्य आहे का?

उत्तर : बर्फ टाकणे थांबवावे. ट्यूब, म्हणजे ज्या नळीतील वायूत लेझर किरण तयार होतो ती, काचेची असते. तापलेल्या काचेला अचानक थंड पाणी मिळाले, तर तिला तडा जाण्याचा धोका असतो, आणि बर्फ वितळत जाताना पाण्याचे तापमान सतत बदलत राहिल्यामुळे किरणाची शक्तीही स्थिर राहत नाही.

मूळ दोष चिलरच्या प्रकारात आहे. अशा ट्यूबला दिलेल्या विजेपैकी साधारण दहा-पंधरा टक्केच प्रकाश होऊन बाहेर पडते. उरलेल्या विजेची उष्णता होते आणि ती पाण्यानेच वाहून न्यावी लागते. लेझर प्रकाश देऊन झाल्यावर रेणू ज्या खालच्या ऊर्जापातळीवर उतरतात, ती पातळी वायू तापला की उष्णतेनेच भरू लागते, त्यामुळे वरच्या आणि खालच्या पातळीतील रेणूंच्या संख्येतला फरक घटतो आणि किरण क्षीण होतो. म्हणून पाणी साधारणपणे १५ ते २५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवावे, असे सांगितले जाते. पंख्याचा चिलर पाण्यातील उष्णता केवळ खोलीतील हवेत सोडतो. हवेपेक्षा पाणी थंड करणे त्याला शक्य नसते. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी ४२ अंश असतील, तर पाणीही त्याहून खाली येणार नाही. सोलापुरात काँप्रेसर असलेला, म्हणजे फ्रिजप्रमाणे प्रत्यक्ष शीतकरण करणारा चिलरच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र तो घेतल्यावर एक नवी काळजी सुरू होते, आणि तिच्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. मे महिन्यातील दुपारी ४२ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील वाफेचे दव होऊ लागते ते तापमान, सुमारे १० अंशांवर असतो. अशा वेळी २० अंशांचे पाणी पूर्ण सुरक्षित असते. पाऊस सुरू झाल्यावर ३० अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू सुमारे २४ अंशांवर जातो, आणि त्याच २० अंशांच्या पाण्यामुळे ट्यूबवर व तिच्या टोकाच्या आरशावर दव धरू लागते. ओल्या काचेवरून उच्च दाबाची वीज झिरपू शकते, आणि ओल्या आरशावर धूळ बसून तो जागीच जळतो. त्यामुळे मे महिन्यात ठरवलेला आकडा आषाढात तसाच ठेवू नये. साधा आर्द्रतामापक शेडमध्ये टांगावा आणि पाणी दवबिंदूच्या दोन-तीन अंश वर ठेवावे. दवबिंदू फारच वर गेलेल्या दिवशी पाणी २५ अंशांच्याही थोडे वर ठेवावे लागले, तरी किंचित कमी शक्ती पत्करावी, पण दव पत्करू नये.

तापमान कुठे मोजायचे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. चिलरवरचा आकडा टाकीतील पाण्याचा असतो, ट्यूबचा नव्हे. तुमच्या ट्यूबमध्ये सुमारे ७०० वॅट उष्णता निर्माण होते असे धरले आणि मिनिटाला ४ लिटर पाणी वाहत असेल, तर ट्यूबमधून जाताना पाणी सुमारे अडीच अंशांनी तापते. नळी मुडपल्यामुळे किंवा शेवाळामुळे प्रवाह १ लिटरवर आला, तर तेच पाणी १० अंशांनी तापेल, आणि टाकीचा आकडा मात्र बिनचूक दिसत राहील. म्हणून एक संवेदक ट्यूबमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या नळीवर बसवावा. तो बसवताना यंत्राची वीज बंद असावी आणि ट्यूबच्या उच्च दाबाच्या टोकाजवळ धातूची कोणतीही वस्तू नेऊ नये, कारण तिथे हजारो व्होल्ट असतात. बोअरचे क्षारयुक्त पाणीही वापरू नये. क्षारांचा थर काचेच्या आत बसला की उष्णता पाण्यापर्यंत पोहोचतच नाही, आणि तेव्हा पाणी थंड असूनही वायू तापलेला राहतो. डिस्टिल्ड पाणी वापरावे व ते वेळोवेळी बदलावे.

प्रश्न : मी इंटरनेट सेवा देतो. गच्चीवरील बंद पेटीतील स्विचमध्ये लावलेला एसएफपी (विजेचे संकेत लेझर प्रकाशात बदलून फायबरमध्ये सोडणारे छोटे मोड्यूल) दुपारी ६८ अंश दाखवतो. फायबर उन्हाने खराब होईल का?

उत्तर : फायबरची चिंता नको, साध्या काचतंतूतील प्रकाशाची घट सोलापूरच्या उन्हामुळे फारशी बदलत नाही. चिंता एसएफपीतील लेझर डायोडची आहे. सर्वसाधारण श्रेणीचे मोड्यूल ० ते ७० अंशांसाठी, तर औद्योगिक श्रेणीचे उणे ४० ते ८५ अंशांसाठी असते, आणि ही मर्यादा मोड्यूलच्या कवचाच्या तापमानाची असते, बाहेरच्या हवेची नव्हे. १३१० किंवा १५५० नॅनोमीटरच्या डायोडला प्रकाश सुरू करण्यासाठी लागणारा किमान प्रवाह २५ अंशांवरून ६५ अंशांवर जाताना साधारण दुप्पट होतो. प्रकाश तेवढाच राहावा म्हणून मोड्यूल स्वतःच प्रवाह वाढवते. त्यामुळे तापमानाबरोबर बायस प्रवाहाचीही, म्हणजे डायोडला दिल्या जाणाऱ्या या प्रवाहाचीही, नोंद ठेवा. तेच तापमान असताना हा प्रवाह महिन्यागणिक वाढत गेला, तर डायोड म्हातारा होत आहे असे समजावे आणि बंद पडण्याची वाट न पाहता तो बदलावा. तोवर पेटीवर सावली करावी, तिला वायुवीजन द्यावे आणि औद्योगिक श्रेणीचे मोड्यूल लावावे.

एकाच तंतूतून अनेक जवळजवळच्या तरंगलांब्या पाठवणारी यंत्रणा असेल, तर प्रश्न अधिक नाजूक होतो. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या डीएफबी लेझरची (एकच नेमकी तरंगलांबी देणाऱ्या डायोडची) तरंगलांबी दर अंशाला सुमारे ०.१ नॅनोमीटर सरकते आणि शेजारच्या वाहिन्यांमधील अंतर अनेकदा ०.८ नॅनोमीटरच असते. आठ अंश तापल्यास लेझर शेजारच्या वाहिनीत शिरतो. म्हणून अशा लेझरच्या आतच थर्मिस्टर (तापमानानुसार विद्युतरोध बदलणारा संवेदक) आणि पेल्टिअर शीतक (विजेच्या प्रवाहाने थंड करणारी चकती) बसवलेले असतात.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. फायबरनेच तापमान मोजता येते असे वाचले. ते कसे? आमच्या महाविद्यालयात करता येईल असा एखादा प्रयोग सुचवावा.

उत्तर : तंतूत लेझरचा अतिशय छोटा स्पंद सोडला की त्यातील किंचित प्रकाश वाटेतील प्रत्येक ठिकाणाहून मागे विखुरतो. त्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली शोधलेल्या परिणामामुळे मूळ तरंगलांबीच्या दोन्ही बाजूंना दोन क्षीण घटक निर्माण होतात : स्टोक्स आणि अँटी-स्टोक्स. अँटी-स्टोक्स घटक काचेतील आधीपासून कंप पावणाऱ्या रेणूंकडून ऊर्जा घेतो, म्हणून काच जितकी तापलेली तितका तो प्रबळ. या दोघांच्या गुणोत्तरावरून तापमान कळते आणि प्रकाश परत येण्यास लागलेल्या वेळेवरून जागा कळते. एका मीटरच्या अंतराचा फरक परतीच्या वेळेत सुमारे १० नॅनोसेकंदांचा असतो. खोलीच्या तापमानाजवळ एका अंशाने हा घटक एक टक्क्यापेक्षाही कमी बदलतो, त्यामुळे हजारो स्पंदांची सरासरी घ्यावी लागते. एकच तंतू अशा रीतीने कित्येक किलोमीटरवर पसरलेला तापमापक होतो, आणि बोगदे, भूमिगत वीजवाहिन्या, औष्णिक वीजकेंद्रांतील कोळशाचे वाहक पट्टे अशा ठिकाणी आगीची पूर्वसूचना मिळवण्यासाठी तो वापरला जातो. तंतूत धातू नसल्यामुळे उच्च दाबाच्या ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यातही प्रकाशीय संवेदक बसवता येतो. तेथे थर्मोकपल (धातूच्या दोन तारांचा तापमापक) बसवणे धोक्याचे असते.

दुसरी पद्धत ब्रॅग जाळीची. तंतूच्या छोट्या भागात कोरलेली ही जाळी एक ठरावीक तरंगलांबीच परावर्तित करते, आणि १५५० नॅनोमीटरजवळ ती तरंगलांबी दर अंशाला सुमारे ०.०१ नॅनोमीटर सरकते. तंतू ताणला गेला तरीही ती सरकते, म्हणून तापमानाची जाळी सैल नळीत ठेवतात.

या दोन्हींची मोजणी-यंत्रे महाग असतात, त्यामुळे महाविद्यालयासाठी मी वेगळा प्रयोग सुचवेन. साधा लाल लेझर डायोड ॲल्युमिनिअमच्या ठोकळ्यावर बसवा, ठोकळ्याला १० किलोओहमचा थर्मिस्टर चिकटवा आणि समोर फोटोडायोड ठेवा. ठोकळा २५, ३५, ४५ आणि ५५ अंशांवर स्थिर करून प्रत्येक वेळी प्रवाह हळूहळू वाढवत प्रकाशाचा आलेख काढा. वक्र जिथे एकदम वर वळतो, तो किमान प्रवाह. त्याचा लॉगॅरिदम तापमानासमोर मांडल्यास जवळजवळ सरळ रेषा मिळेल, आणि तिच्या उतारावरून त्या डायोडचे वैशिष्ट्यपूर्ण तापमान, म्हणजे किमान प्रवाह तापमानाबरोबर किती वेगाने वाढतो हे सांगणारी संख्या, काढता येईल. प्रवाह डायोडच्या कमाल मर्यादेखाली ठेवा, किरण बंद खोक्यातच राहू द्या आणि त्यात डोकावून पाहू नका.